साडेपाचची फेरीबोट

दापोलीला पुस्तकं किलोवर होती.
दीडशे रुपये किलो, मग कोणाचंही असो,
मेलेल्याचं, जिवंताचं, बक्षीस मिळालेल्याचं.
काट्यापाशी दत्ताराम पालशेतकर म्हणाला,
"बांगडा पण म्हाग हाय ह्याच्यापरीस,"
आणि आणखी अर्धा किलो घेतलं.

आता दाभोळ धक्क्यावरून बोट सुटली आहे.
एक डंपर, बर्फाचा टेम्पो, सात-आठ मोटारसायकली,
आणि लोखंडी कठड्याला टेकून आम्ही,
पलीकडच्या काठाची माणसं,
पिशव्या दोन पायांत दाबून.

धोपाव्याला पोचायला पंधरा मिनिटं.
तेवढ्यात दाखवायचं असतं.
कोणी ठरवलेलं नाही, दर मार्गशीर्षात असंच होतं.
पिशवीत पहिला हात कोण घालतो
याची वाट बघत सगळे खाडीकडे तोंड करून उभे.

अनसूया भुवडनं घातला.
आशाताई ती, निम्म्या तालुक्याचे पाळणे तिच्या वहीत.
तिनं काढला दक्षिण ध्रुवाचा प्रवास,
मुखपृष्ठ गेलेलं, आतला नकाशा मात्र घडीही न मोडलेला.
"सहा महिने रात्र," ती म्हणाली,
"आणि दार वाजवायला कोणी नाही."

दत्तारामनं इंजिनदुरुस्तीचं जाडजूड काढलं.
त्याच्याखाली एक प्रेमकथा निघाली.
"वजन पुरं करायला टाकली."
कोणी हसलं नाही.
मग सगळेच हसलो.

हेदवीचे जुवळे, टपाल खात्यातून सुटलेले,
त्यांनी काय घ्यावं?
भरती-ओहोटीचं वेळापत्रक, सन एकोणीसशे सत्त्याऐंशी.
दोर सांभाळणारा निहाल वाकून बघायला आला.
"काका, हे पाणी तर कधीच गेलं."
जुवळ्यांनी समासात बोट ठेवलं. पेन्सिलीचं अक्षर:
सुरमई अकरा.
वारा खालचा.
गेलो नाही.
गेलो नाही.
मुलगी.
दुसऱ्या दिवशी परत, सुरमई चार.
निहालनं बोटांवर मोजलं.
"माझ्या आईच्या वयाची असंल आता,"
आणि दोराकडे गेला.

"तू काय घेतलंस?"
परकार सरांनी विचारलं, आणि मी अडकले.

माझ्या पिशवीत एकच पुस्तक,
एकशे ऐंशी ग्रॅम, सत्तावीस रुपये.
तेच, जे माझ्याकडे होतं,
जे चार वर्षांपूर्वी सरांनी नेलं होतं
"आठवड्यात देतो" म्हणून.
चार वर्षं बाजारात, लग्नात, मयताला आम्ही भेटतो.
मला मागवत नाही, त्यांना आठवत नाही.

दाखवलं.
सरांनी चष्मा कपाळावर ढकलून उलटसुलट पाहिलं.
"सुरेख आहे. पण विकत कशाला घेतलंस?
माझ्याकडे आहे की!"

डंपरवाल्यानं नेमका तेव्हाच हॉर्न दिला,
म्हणून माझं तोंड कोणी पाहिलं नाही.

सर अजून चाळत होते.
"ह्यात डाग नाही," ते म्हणाले.
"माझ्या प्रतीत बत्तिसाव्या पानावर कोकमाचा डाग आहे.
बहीण घर सोडून निघते ना, तिथं."

त्या दुपारी एका हातात सोलकढीचा पेला होता.
तो खाली ठेवायला मला सुचलंच नव्हतं.

"सर, तो डाग माझा आहे."

ते बघत राहिले. आधी माझ्याकडे, मग पुस्तकाकडे,
मग कारण नसताना बर्फाच्या टेम्पोकडे.
त्यातून पाणी गळत होतं.

"मग अदलाबदल करू," मी म्हटलं, "ही कोरी तुम्हाला."
"नको गं," सर म्हणाले, अगदी घाईनं.
"तिथं आलं की मी थांबतो जरा. सवय झालीय."

रॅम्प आपटला. गाड्या सुरू झाल्या.
पिशव्या उचलून सगळे आपापल्या रिक्षाला.
"वाचून झालं की सांग," सर ओरडले,
जणू पुस्तक त्यांनीच मला दिलं होतं.

वेलदूरच्या फाट्यावर उजेड होता थोडा.
बत्तिसावं पान काढलं.
पांढरं स्वच्छ. बहीण निघाली, गेलीसुद्धा.
मी पुस्तक मिटलं,
आणि घरात आमसुलं शिल्लक आहेत का
ते आठवत बसले.